तेल लावलेला फळा

लिहायला बसलो खरा, पण हात पुढे सरकत नाही. शाळेत असताना मुलांच्या निबंधात 'मी' फार वेळा आला की मी त्याखाली लाल शाईची रेघ ओढत असे. आता माझ्याच पहिल्या पानावर तशा किती रेघा ओढाव्या लागतील, या विचाराने संकोच वाटतो. मोठ्या माणसांनी आठवणी लिहिल्या तर लोकांना त्यातून काही मिळते. मी बोईसरजवळच्या दांडी गावचा एक मास्तर, नोकरी संपवून घरी बसलेला. माझ्याजवळ सांगण्यासारखे एवढेच आहे की आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि मास्तर व्हायची वाट कुठून सुरू होते व कुठे संपते हे ना मला ठाऊक होते, ना घरात कुणाला. ज्याला ही वाट आधीच माहीत असेल त्याने हे पान खुशाल उलटावे. ज्याच्या घरात अजून कुणालाच ती माहीत नसेल त्याच्यासाठी, भीत भीत, लिहितो आहे.

आमचे घर खाडीच्या तोंडाशी होते. मागच्या दाराने बाहेर पडले की लगेच वलांडी लागायची, म्हणजे बोंबील सुकत घालायच्या बांबूच्या उंच मांडण्या, आणि त्यांच्यापलीकडे सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी चिखलात कुशीवर कलंडलेल्या होड्या. घरात वेळ पाण्यावरून कळे. पाणी उतरले की चिखलातून बुडबुडे फुटल्यासारखा बारीक आवाज येत राहायचा, आणि भरती आली की होड्या एकमेकींना हळूच धडका द्यायच्या. तो आवाज ऐकला की आय भाकऱ्या थापायला घ्यायची. तांदळाची भाकरी, बोंबलाचे आंबट कालवण, आणि कालवण नसले तर जवळ्याची चटणी. भरून आलेली होडी खाडीबाहेर दिसू लागली की खलाशांनी डोलकाठीवर एखादे कापड चढवायचे, अशी आमच्याकडे चाल होती. लुंगी, सदरा, हाताला येईल ते. रंगाला महत्त्व नव्हते. कापड चढले म्हणजे मासळी भरपूर, बायांनी टोपल्या घेऊन किनाऱ्यावर यावे. काठी उघडी दिसली की बाया काही न बोलता घरात जात. माझ्या लहानपणी आय डोळ्यांवर हात धरून ती काठी बघायची, आणि मी काठी न बघता आयच्या तोंडाकडे बघायचो. काय ते तिथेच कळायचे.

घराच्या कोपऱ्यात मुशीच्या तेलाचा डबा असे. मुशी म्हणजे लहान शार्क मासा. त्याच्या काळजाचे हे तेल होडीच्या लाकडाला लावले की लाकूड पाणी पीत नाही. बा ते तेल होडीला लावायचा, वल्ह्यांना लावायचा, दाराच्या बिजागऱ्यांना लावायचा, आणि टाचा भेगाळल्या की टाचांनाही. बाचा त्या तेलावर जितका विश्वास होता तितका मी नंतर कुठल्या माणसाचा कुठल्या शास्त्रावर पाहिला नाही. त्याचा वास उग्र असतो असे लोक म्हणतात. आम्हाला तो येत नसे. ज्या वासात माणूस जन्माला येतो तो त्याला कसा यावा?

मास्तर व्हायचे माझ्या मनात कधी आले ते सांगता येत नाही. पण बारावी झालो तेव्हा मला एकच वाट माहीत होती, डी.एड.ची. दोन वर्षे शिकायचे आणि प्राथमिक शाळेत लागायचे. गावातले दोघे तसे लागलेही होते. माझे गुण थोडक्यासाठी कमी पडले. यादीत नाव नाही हे कळल्यावर मी आमच्या हायस्कुलातल्या भूगोलाच्या सरांकडे गेलो. ते अंगणात दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून त्यांनी मला विचारले, "मग रडतोस कशाला? लांबची वाट धर. बी.ए. कर, त्यावर बी.एड. कर. प्राथमिकऐवजी हायस्कुलात लागशील. पण एक लक्षात ठेव. बी.ए.ला विषय घेशील तो शाळेत शिकवतात तोच घे. दुसऱ्या कुठल्या विषयाच्या नादी लागू नकोस."

हे एक वाक्य त्यांनी सांगितले नसते तर माझे काय झाले असते, या विचाराने मला आजही कसेसे होते. कारण पालघरच्या कॉलेजात खास विषय निवडायची वेळ आली तेव्हा सगळे म्हणत होते, तत्त्वज्ञान घे, पुस्तके पातळ आहेत आणि गुण सढळ मिळतात. मी भूगोल घेतला आणि तीन वर्षे धास्तीत काढली, की आपण एकट्यानेच मूर्खपणा तर केला नाही ना. पुढे बी.एड.च्या प्रवेशाच्या वेळी माझ्याच वर्गातला एक हुशार मुलगा तत्त्वज्ञान घेऊन आला होता. त्याला समोरच्यांनी शांतपणे विचारले, "हे तुम्ही कोणत्या इयत्तेला शिकवणार?" तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बघवला नाही. माझ्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त येत होते. त्याला फक्त दाढी करता करता सांगणारे कुणी भेटले नव्हते.

आयने माझे सगळे कॉलेज शाळेच्या इयत्तांसारखेच धरले होते. बारावीनंतर तेरावी, मग चौदावी, मग पंधरावी. मी बी.ए. झालो त्या दिवशी तिने भाकरी तव्यावर टाकता टाकता विचारले, "संपला ना आता?"

"अजून एक हाय, आय."

"सोळावी?"

"सोळावीच समज. ती झाली का मास्तर."

बा उंबऱ्यावर जाळे सांधत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "आनि मंग सतरावी?"

"नाय बा. सोळावीच शेवटची."

"बघ हां. थोरला गेला बोईसरला कारखान्यात. होडीवर मी नि तुजा काका. काकाचे गुडघे आता काय कामाचे नाय." त्याने सुतळी दाताने तोडली. "सोळावीपर्यंत मी काय बोलनार नाय. पास झाला तर मास्तर. नाय झाला तर होडी. परत परीक्षा न् बिरीक्षा नाय."

बा रागाने बोलला नव्हता. भरतीची वेळ सांगावी तसे त्याने सांगितले, आणि म्हणूनच त्यावर वाद घालता येत नव्हता.

ते वर्ष मी बोईसरला थोरल्या भावाच्या खोलीवर राहिलो. खोलीत दादा, मी आणि दादाच्याच कारखान्यातला शिवपूजन. दोघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे खोलीत नेहमी कुणीतरी झोपलेले असे आणि मला पाठाचा सराव कुजबुजत करावा लागे. शिवपूजन तोंडावर चादर घेऊन पडायचा आणि मध्येच आतून बोलायचा, "मास्टरजी, जरा ज़ोर से. पीछे वाले बच्चों को सुनाई नहीं दे रहा." मला वाटायचे तो थट्टा करतो. थट्टा होतीच, पण एकदा मी सराव केला नाही तर त्याने चादर बाजूला करून विचारले, "आज छुट्टी है क्या?"

बी.एड. म्हणजे काय, हे मला पालघरला बी.एड.च्या कॉलेजात गेल्यावर कळले. मी समजत होतो की आपल्याला विषय येतो, तो मुलांना सांगायचा, झाले. इथे प्रत्येक पाठाचे टाचण लिहायचे. प्रस्तावना, हेतुकथन, प्रश्न, त्यांची अपेक्षित उत्तरे, फळ्यावर काय लिहिणार, शेवटी घरचा अभ्यास. मागच्या बाकावर आमचे प्राध्यापक वही घेऊन बसणार आणि आपण कुठे अडखळलो ते टिपणार. माझी खरी भीती जिभेची होती. जरा घाई झाली की माझ्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' निसटायचे, पालघरची मुले एकमेकांकडे बघायची आणि पुढचे वाक्य मला आठवायचे नाही. देवजीचे तसेच होते. देवजी मनोरच्या पलीकडच्या डोंगरातला. त्याच्या घरचे पावसाच्या भाताइतकी शेती करायचे आणि भात निघाले की वीटभट्टीवर जायचे. तो पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तू पान्याचा, मी डोंगराचा. मधली सगली सपाटीवरची. आपुन मागंच बसलेला बरा." त्याने समुद्र फक्त लांबून, डोंगरावरून पाहिला होता. "चमकतो," तो म्हणायचा, "पन काय करतो ते दिसत नाय."

प्रत्येकाकडे स्वतःचा गुंडाळी फळा हवा होता. जाड कापडाला काळा रंग दिलेला, वरखाली काठ्या लावलेला, नकाशासारखा गुंडाळून नेता येणारा फळा. पालघरला दुकानात मिळे. बाने ऐकले आणि म्हणाला, "कापडच ना? मंग इकत कशाला?" होडीला इंजिन बसल्यापासून जुने शीड माळ्यावर पडून होते. त्याने त्यातला चांगला तुकडा कापला, आयने दाभणाने कडा शिवल्या, दादाने बोईसरहून काळा रंग आणून दोन हात दिले, आणि तो फळा बोंबलांच्या शेजारी वलांडीवर वाळत पडला. शेजारच्या बायका येता-जाता विचारायच्या, "हा कुठला मासा गो?" आय म्हणायची, "सोळावीचा." त्या फळ्यावर वर्षभर मी सगळे सराव पाठ घेतले. खडू त्यावर सुरेख उठायचा.

वर्षाच्या शेवटी वार्षिक पाठ असायचे. बाहेरचे परीक्षक येत. लेखी परीक्षेत कितीही लिहा, या पाठात गेलात तर वर्ष गेले. भूगोलाच्या पाठाला मला विषय आला, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन चढते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो, तो खारा. रात्री उलटे होते, आणि जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई. देवजी म्हणाला, "तुला घरचाच इषय आला." मला उलट जास्त भीती वाटली. घरच्या गोष्टीत माणूस घरच्यासारखे बोलतो. मी सगळा पाठ एका आकृतीवर बेतला. डावीकडे समुद्र, उजवीकडे जमीन, वर सूर्य, बाणांनी दाखवलेला वारा. ती आकृती मी शिवपूजनसमोर इतक्या वेळा काढली की शेवटी तो म्हणाला, "अब तो मैं भी मास्टर बन जाऊँगा."

सूचना लागली की शाळेच्या परीक्षा असल्यामुळे भूगोलाचे पाठ मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतील, तिथे भिंतीला फळा नाही, प्रत्येकाने आपला फळा आणावा. आदल्या रविवारी मी घरी गेलो होतो, सोबत फळा होता. वर्षभर गुंडाळून त्याच्या कडांना चिरा पडल्या होत्या, ते बाने पाहिले असावे. पाठाच्या दिवशी मी सकाळी उठलो तेव्हा बा होडीवर गेलेला. आयने फळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, होडीच्या दोरीने करकचून बांधून माझ्या हातात दिला. "बाने नीट करून ठेवलाय," ती म्हणाली. मला वाटले, तिला बांधणे म्हणायचे आहे. दोरीची गाठ खरोखरच फार सुबक होती.

बोईसरच्या एस.टी.त कंडक्टर म्हणाला, "मास्तर, टोपली टपावर ठेवा." मी म्हणालो, टोपली नाही. "मग वास कशाचा?" मागून कुणीतरी म्हणाले, "दांडीच्या माणसाला टोपली लागते व्हय?" लोक हसले. मी खिडकीबाहेर बघत बसलो. आम्हाला हे ऐकायची सवय होती. जातीवरून बोललेल्या बोलाला उत्तर द्यायचे नाही, असे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षीच ठरवले होते. त्या दिवशी ती माणसे जातीवरून बोलत नव्हती, त्यांना खरोखर वास येत होता, हे मला पालघरला पोहोचेपर्यंत सुचले नाही.

शेडमध्ये सातवीची मुले बसली होती. बाह्य परीक्षक म्हणून एक वयस्क बाई आल्या होत्या. पांढरे होत आलेले केस, जाड काचांचा चष्मा, हातात पेन्सिल. त्या मागे बसल्या. मी खांबाच्या खिळ्याला फळा अडकवला, दोरी सोडली, आणि तो खाली उलगडला तेव्हा पहिल्या ओळीतल्या मुलीने नाकाला रुमाल लावला. मी प्रस्तावनेचे प्रश्न विचारले. उत्तरे आली. हेतुकथन केले. "आज आपण खारे वारे आणि मतलई वारे यांची माहिती घेऊ." मग खडू उचलला आणि समुद्राची रेघ ओढायला गेलो. खडू घसरला. पुन्हा ओढली. काळ्यावर एक ओलसर, राखी डाग उठला, रेघ नाही. मी बोट लावून पाहिले. बोटाला तेल लागले. फळा संध्याकाळच्या होडीसारखा चमकत होता.

एखाद्याला वाटेल की मला बाचा राग आला असेल. मला काहीच आले नाही. इतके आठवते की डोक्यात फक्त एक शब्द होता, होडी. पास झाला तर मास्तर, नाय झाला तर होडी. मागच्या रांगेतून एक मुलगा हळूच म्हणाला, "सर, बोंबील तळताय का?" वर्ग फिसकन हसला. पलीकडच्या बाजूला देवजीचा पाठ चालू होता, त्याचा फळा मागायची सोय नव्हती.  परीक्षक बाईंची पेन्सिल हलत होती.

फळ्याकडे बघणे नको म्हणून मी तो खिळ्यावरून काढला. काढून ठेवायचा कुठे? शेडची पश्चिमेकडची बाजू उघडी होती, तिथे वर एक आडवा वासा होता. मी फळा त्याला अडकवला, निव्वळ नजरेआड करायला म्हणून. दुपार चढत आली होती. खालची काठी जरा हलली. मग अख्खा फळा आत, आमच्या बाजूला, फुगला. मुळात ते शीडच होते, आणि आता त्याला तेलही लागले होते.

मुले तिकडे बघू लागली. आता मला हे सांगताना सगळे सुचून केल्यासारखे वाटेल, म्हणून स्पष्ट लिहितो, मला काही सुचले नव्हते. मुले जिकडे बघत होती तिकडे मी बोट केले आणि विचारले, "वारा कुठून येतो आहे?"

"बाहेरून," एकजण म्हणाला.

"बाहेरून म्हणजे?"

"सातपाटीकडून." ज्याने बोंबलाचे विचारले होते तोच मुलगा. "माझी मावशी हाय तिथं."

"तिथे काय आहे?"

"समुद्र. मासं. मावशी." पुन्हा हशा, पण या वेळी मीही हसलो असेन, कारण पुढे मी टाचण विसरलो. सकाळी होड्या बाहेर कोणत्या वाऱ्यावर जातात आणि दुपारी कोणत्या वाऱ्यावर परत येतात, ते मी विचारत गेलो आणि सांगत गेलो. वाळूत पाय केव्हा भाजतात आणि तेव्हा पाणी कसे असते, तेही. किती वेळा 'हाय' म्हणालो ते मोजायला मी शुद्धीवर नव्हतो. घंटा झाली तेव्हा लक्षात आले की मतलई वाऱ्याची सारणी राहिली, घरचा अभ्यास द्यायचा राहिला, आणि फळ्यावर एक अक्षर नाही.

बाईंनी माझे टाचण हातात घेतले. "यात आकृती दाखवली आहे. ती कुठे आहे?"

"उमटली नाही, बाई."

"का?"

"फळ्याला तेल लागलं आहे."

"कुणी लावलं?"

"माझ्या वडिलांनी. होडीला लावतात ते."  बाईंनी चष्म्यावरून फळ्याकडे एकदा पाहिले, टाचण परत दिले आणि पुढच्या पाठाला निघून गेल्या. बऱ्यावाईटाची एक खूणही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. मी पुढे कितीतरी वर्षे छात्रशिक्षकांचे पाठ पाहिले. पाठ संपल्यावर तोंड कोरे ठेवायचे असते, हे मला त्यांच्यामुळे माहीत होते, तरी मला ते कधी जमले नाही. समोरच्या पोराचा घसा सुकलेला दिसला की मी मान हलवून मोकळा व्हायचो.

घरी गेलो तेव्हा बा वाटच बघत होता. "फळा टिकला ना?"

"टिकला."

"मी बोललो व्हतो," तो आयला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "तुज्या त्या डोंगरातल्या दोस्ताला सांग, त्याचा पन घेऊन ये. डब्यात तेल हाय अजून." मी हो म्हणालो. त्यानंतर बाने आळीत सगळ्यांना सांगितले की परीक्षेला जायच्या आधी त्याने फळा कसा तयार करून दिला. मी ते ऐकत खाली मान घालून जेवायचो. नापास झालो तर कारण काय सांगायचे, या एका काळजीवर दुसरी बसली होती. खरे कारण तर मी कधीच सांगू शकणार नव्हतो.

लेखी परीक्षा झाली आणि मी होडीवर जाऊ लागलो. काका घरी बसला होता, पावसाळ्याआधीचे शेवटचे दिवस होते, माणूस हवाच होता. देवजीने निरोप घेताना सांगितले होते, "निकाल लागला का मी सोता येनार तुज्या गावाला. बरा असो का वंगाल असो. समुद्र पन बघायचा हाय." डोलीचे, म्हणजे बोंबलाच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढून माझे हात सोलवटले होते. बा मला होडीत नीट उभे राहायला शिकवायचा. ते शिकवणे मला निकालासारखे वाटायचे.

असेच एका दुपारी परत येत होतो. खाडीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा पाणी उतरलेले होते आणि होडी आत जाणे शक्य नव्हते. बाने नांगर टाकला. भरती येईपर्यंत घर समोर दिसत असून बाहेर थांबायचे, हे आमच्या रोजच्या जगण्यातले होते. ऊन आमच्या पाठीवर होते, त्यामुळे किनारा स्वच्छ दिसत होता. वलांडीपाशी आय उभी होती. तिच्या शेजारी पांढरा सदरा घातलेला एक सडपातळ माणूस.

"कोन हाय तो?" बाने विचारले.

"देवजी."

"मंग लागला म्हनायचा निकाल."

"लागला."

"काय लागला?"

"ते कसं कळनार इथून."

मी हाक मारली. देवजीने मान इकडेतिकडे केली. त्याला ऊन डोळ्यांवर होते, कोणती होडी कुणाची ते त्याला कळत नसावे. आयला कळत होते. तिने तोंडाला हात लावून काही ओरडल्यासारखे केले, पण आमच्यापर्यंत आवाज आला नाही. येणार कसा? दुपारची वेळ, वारा समुद्रावरून जमिनीकडे. माझाच पाठ. माझी हाक त्यांच्याकडे जात होती आणि त्यांचे उत्तर तिथेच राहत होते.

"जाऊ का उतरून?" मी विचारले.

"चिखल हाय पुढं. कमरेपर्यंत जाशील. गप बस, पानी चढंल." बाने विडी पेटवायचा प्रयत्न केला. त्याची काडी दोनदा विझली. एरवी कितीही वाऱ्यात त्याची विडी एका काडीत पेटायची.

मग आय वळली आणि घरात गेली. देवजी एकटा उभा राहिला आणि थोड्या वेळाने खाली बसला. मी ते पाहिले. लहानपणापासून पाहिलेले होते, काठी उघडी दिसली की बाया काही न बोलता घरात जातात. बानेही ते पाहिले. तो विडी तशीच हातात धरून म्हणाला, "चांगला उभा राहाला लागलाय तू होडीत." मी मान हलवली. तो मला धीर देत होता आणि त्यासाठी त्याच्याकडे एवढेच शब्द होते.

पाणी चढायला अजून बराच अवकाश होता. मी खाली तळाकडे बघत बसलो होतो. बाने माझ्या खांद्याला हात लावला. आय परत बाहेर आली होती, तिच्या हातात काहीतरी लांब होते. ती देवजीला वर बोट करून दाखवत होती. देवजीने सदरा खोचला आणि ताडावर चढावे तसा तो वलांडीच्या सगळ्यात उंच बांबूवर सरसर चढला. त्याने वर काहीतरी बांधले आणि सोडले. काळे कापड खाली उलगडले, क्षणभर सरळ लोंबले, आणि मग आमच्याकडून गेलेला वारा त्यात शिरला.

किनाऱ्यावरून होडीसाठी कापड चढलेले आमच्या खाडीवर कुणी पाहिले नव्हते. बा उठून उभा राहिला. त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला आणि आय बघायची तसा तो बराच वेळ बघत राहिला.

"भरली," तो म्हणाला.

 बाने विडी पुन्हा तोंडात धरली, काडी ओढली, ती या वेळी पेटली.

"बघ," तो म्हणाला, "तेल लावला म्हनून एवढ्या वाऱ्यात टिकलाय."